आडवा हात

शनिवारी दुपारी लेक आईबापाकडे आली तेव्हा बाप नेहमीसारखा खाली येऊन उभा होता. इमारतीमागे गाडी लावायला ऐसपैस जागा होती, दोन ट्रक मावतील एवढी. तरी तो मागे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी तिला बोलावू लागला. ये, ये, अजून ये, आता हळू. मग त्याने एक हात खांद्याच्या रेषेत बाजूला लांब केला, तळवा जमिनीकडे, आणि आडवा हलवला. थांब.

तिने ब्रेक दाबला. काच खाली करून म्हणाली, "बाबा, ही गाडी आहे. जहाजाचं इंजिन नाही."

"इंजिन बरं. सांगितलेलं ऐकतं तरी."

जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत तो बावीस वर्षं क्रेनला इशारे द्यायचं काम करत होता. हेल्मेट, शिट्टी, पिवळे हातमोजे. क्रेनवाला चाळीस मीटर वर काचेच्या केबिनमध्ये बसायचा आणि त्याला खालचं अर्धंमुर्धंच दिसायचं. बाप खालून हात करायचा आणि वीस टनांचं लोखंड, बाळाला पाळण्यात ठेवावं तसं, अलगद जागेवर टेकायचं. गोदीत सात-आठ देशांची माणसं होती. कुणाची भाषा कुणाला यायची नाही, म्हणून हातांची भाषा सगळ्यांनाच यावी लागायची. क्रेनवाला तर तिसऱ्याच मुलखातला. बाप घरी त्याला 'वरचा' म्हणायचा. या देशात नवीन असताना नवरा उठसूट "आज वरच्याने सांभाळून घेतलं" म्हणायला लागला तेव्हा आईला वाटलं होतं, परका मुलूख बघून हा देवभोळा झाला.

बावीस वर्षं बाप आणि वरचा एकत्र काम करत होते आणि एकमेकांशी धड चार वाक्यं बोलले नव्हते. इथली भाषा दोघांनाही मोडकीतोडकी. पण बापाने खांदा उचलला तरी वरच्याला कळायचं, आज याची पाठ दुखतेय.

जिने चढताना बाप मध्येच थांबला, कठड्याला धरून. "डोकं जरा जड आहे. चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"दाखवून या मग," ती म्हणाली. तिचं लक्ष फोनमध्ये होतं.

स्वयंपाकघरात आईने चहा ओतला. बाप गोदीतल्या जुन्या मुकादमाला भेटून आला होता, त्याचं सांगत बसला. पाच महिने झाले, मुकादम इस्पितळात यंत्रावर. नळीतून श्वास, नळीतून अन्न, डोळे उघडे आणि आत कुणी नाही.

"माल हुकाला लटकत ठेवून केबिन सोडायची नाही, हा गोदीतला पहिला नियम," बाप म्हणाला. "आणि ते लोक त्याला तसा लटकवून खुशाल जेवायला जातात."

"चहा पिताना कसलं बोलता," आई म्हणाली.

"अगं, मी त्याचं सांगतोय. माझं थोडंच."

लेक कोर्टात दुभाषी होती. साक्षीदार घरच्या भाषेत बोलला की न्यायाधीशांना इथल्या भाषेत सांगायचं, न्यायाधीश बोलले की उलट. रोज सकाळी कामाआधी शपथ घ्यायची: जे ऐकेन ते सांगेन, काही गाळणार नाही, भर घालणार नाही, बदलणार नाही. बापाला या शपथेची फार गंमत वाटायची. "हिने शपथ घेतली," तो आईला म्हणायचा, "आणि सगळ्यांना खरं वाटलं."

कारण त्याला जुनं आठवत होतं. आठ वर्षांची असल्यापासून ती आईबापाची जीभ होती. डाकघर, दवाखाना, शाळा, सगळीकडे तिला मधे उभं करायचे आणि ती पोरटी ऐकलेलं सगळं मऊ करून पुढे द्यायची. खालच्या मजल्यावरची बाई दारात येऊन शिव्या घालायची, लेक सांगायची, "त्या म्हणताहेत, जरा हळू चाला." एकदा शाळेत बाईंनी तक्रार केली की ही वर्गात सारखी बडबडते. तिने बापाला सांगितलं, "बाई म्हणाल्या, हुशार आहे." बाप बाहेर येऊन हसला. "त्यांचं तोंड एक सांगत होतं आणि तू दुसरंच. पण असू दे."

हातांची भाषाही तिला तेव्हापासूनच येत होती. याच स्वयंपाकघरात तो खेळ चालायचा. ती क्रेन, तिच्या हातात रिकामं पातेलं, बाप ओट्यापाशी उभा. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, बोट खाली की उतरव. एकदा आईने मधेच हात आडवा केला, टेबलावर काच होती म्हणून, आणि तिने मुळीच ऐकलं नाही. आई काही इशारेवाली नव्हती. काच फुटली. बाप रागावला नाही. गुडघ्यावर बसून म्हणाला, "बाकी सगळे इशारे एकाच माणसाचे ऐकायचे. पण थांब कुणीही म्हटलं तरी थांबायचं. झाडूवाल्याने म्हटलं तरी. का म्हणाला, ते मागून विचारायचं."

संध्याकाळी ती निघाली. बापाने तिची गाडी पुन्हा इशाऱ्यांनी बाहेर काढली. तिने आरशात पाहिलं तर तो अजून उभा होता, कपाळ चोळत.

सोमवारी सकाळी बूट घालता घालता तो एका अंगावर कलंडला.

इस्पितळात अतिदक्षता विभागात एकालाच आत सोडत होते. आई बाहेरच्या लोखंडी खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "तू जा. तुला बोलता येतं."

आत डॉक्टरीणबाई कमी शब्दांत बोलणाऱ्या होत्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती. कवटी उघडून रक्त काढता येईल. पण त्यानंतर ते शुद्धीवर येतील याची खात्री नाही, कदाचित यंत्रावरच राहतील. काही केलं नाही तर दोन दिवस, फार तर चार.

"त्यांना समजतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळे मिटा म्हटलं की मिटतात. त्यामुळे त्यांनाच विचारायला हवं. तुमच्या भाषेचा दुभाषी दुपारी येईल. नातेवाइकांकडून आम्ही हे करून घेत नाही."

"ऑपरेशनला दुपारपर्यंत वेळ आहे?"

डॉक्टरीणबाईंनी यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहिलं.

लेकीने पर्समधून कोर्टाचं ओळखपत्र काढून पुढे धरलं. "मी हेच काम करते." तिच्या धंद्यात घरच्या माणसासाठी दुभाषी व्हायला मनाई होती, आणि का मनाई होती हे ती नव्या मुलींना दर वर्षी शिकवत होती. डॉक्टरीणबाईंनी ओळखपत्राकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

ती पलंगाच्या डाव्या बाजूला वाकली. बापाचं अर्धं तोंड ओघळलं होतं. अर्धं शनिवारचंच होतं. तिने त्याला सगळं सांगितलं. कवटी, यंत्र, दोन दिवस, चार दिवस. आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीही मऊ न करता त्याच्यापुढे ठेवलं. तो तिच्या ओठांकडे बघत होता. शेवटी तिने विचारलं, "बाबा, करायचं ऑपरेशन?"

बापाने डावा हात चादरीखालून काढला. पलंगाच्या कठड्याबाहेर लांब केला, तळवा जमिनीकडे, आणि आडवा हलवला.

"हात आत घ्या आजोबा, सुई निघेल," असं इथल्या भाषेत म्हणत नर्सने तो हात हळूच उचलून छातीवर ठेवला. बापाने लेकीवरची नजर काढली नाही. त्याने हात पुन्हा बाहेर काढला, पुन्हा लांब केला, कोपर ताठ, आणि पुन्हा आडवा हलवला. जाणत्या कामगाराची खूण होती ती, धुक्यातून चाळीस मीटर वर दिसावी इतकी स्वच्छ.

"काय म्हणाले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

 लेकीला हात दिसत होता, त्याचा अर्थ दिसत होता, आणि त्या अर्थामागे एक रिकामी खुर्ची दिसत होती, स्वयंपाकघरातली. तिने स्वतःचा आवाज ऐकला. कोर्टातला होता, सपाट आणि साफ.

"ते तयार आहेत."

मग सगळी धावपळ झाली. पलंगाची चाकं सुटली, कागद आला, तिने सही केली. दाराकडे वळली तेव्हा काचेपलीकडे कुणीतरी उभं होतं. गोदीचं नारिंगी जाकीट, हेल्मेट काखेत. वरचा. पाळी अर्धी टाकून आला होता. तो आत बघत होता, बापाच्या हाताकडे.

बाप शुद्धीवर आलाच नाही. अकरा दिवस यंत्र त्याची छाती वरखाली करत राहिलं. लेक रोज त्याच्या डाव्या बाजूला बसायची आणि हात चादरीबाहेर येतो का बघायची. येऊ नये असं तिला वाटायचं. आला असता तर तो काय म्हणाला असता, हे तिला ठाऊक होतं. बाराव्या दिवशी यंत्राची गरज उरली नाही.

शोक सगळ्यांना दिसत होता. भीती कुणाला दिसत नव्हती, कारण ती शोकाच्याच कपड्यात वावरत होती. लेक रस्त्याने चालताना नारिंगी जाकीट दिसलं की पलीकडच्या कडेला जायची. कोर्टात परतली त्या दिवशी शपथेच्या वेळी 'गाळणार नाही' पाशी ती अडली. न्यायाधीशांनी पाणी मागवलं. सगळे म्हणाले, बिचारी, वडील गेलेत. त्यानंतर तिने रजा टाकली. आई म्हणायची, "बरं झालं तू होतीस आत. मी असते तर माझ्याच्याने एक शब्द निघाला नसता." लेक मान खाली घालून भांडी घासायची. एकच भांडं दोनदा.

आणि वरचा फोन करत होता. ती उचलत नव्हती. मग त्याचा निरोप आला, मोडक्या भाषेत: 'तुझ्या आईला सांगायचं आहे. महत्त्वाचं. तू पाहिजे, भाषेसाठी.' तिने कळवलं, आईची तब्येत बरी नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा निरोप. तिने कळवलं, पाहुणे आहेत.

बावीस वर्षं तो बापाचे हात वाचत होता. चाळीस मीटरवरून. इथे मधे फक्त एक काच होती. तिने डोक्यात त्याची साक्ष किती वेळा ऐकली याची गणती नव्हती: मी पाहिलं, त्याने थांब म्हटलं, हिने ऐकलं नाही. आणि ही साक्ष आईला घरच्या भाषेत सांगणार कोण, तर तीच.

एका गुरुवारी आई बाजारातून आली ती जवळजवळ खुशीत. "तुझ्या बाबांचा वरचा भेटला बसथांब्यावर. रविवारी येतोय चार वाजता."

"कसं ठरवलंत तुम्ही? त्याला आपली भाषा येत नाही, तुला त्याची येत नाही."

आईने चार बोटं वर केली, मग दोन्ही हात जोडून गालाखाली ठेवले, तीनदा. "तीन झोपा आणि चार वाजता. तुम्हा दुभाष्यांनाच वाटतं, तुमच्यावाचून अडतं."

रविवारी चारला पाच मिनिटं असताना बेल वाजली. दारात वरचा उभा होता. स्वच्छ शर्ट, ओले विंचरलेले केस, हातात कापडी पिशवी. जमिनीवर तो तिला वाटला होता त्यापेक्षा बुटका निघाला. त्याने पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली: बापाचं हेल्मेट, शिट्टी, पिवळे हातमोजे. हातमोज्यांची बोटं अजून किंचित वाकलेली होती. आईने ते मांडीवर घेतले आणि कुरवाळत बसली.

लेकीने चहा ठेवला.  तिला वाटलं, अजूनही उठावं, डोकं दुखतंय म्हणावं, बाहेर जावं. मग हे दोघं बोटांनी काय बोलायचं ते बोलतील. बोटांनी सांगता येण्याजोगी ती गोष्ट होती, आणि तेच तर भयंकर होतं.

वरच्याने आईकडे तोंड केलं आणि बोलायला लागला. इथल्या भाषेत, थांबत थांबत, ओझं उचलल्यासारखा एकेक शब्द. बोलताना त्याच्या हनुवटीला कंप सुटला.

"मी काचेपाशी होतो. त्या दिवशी. त्याने हात केला. थांब म्हणाला. दोनदा. आत डॉक्टर होती, नर्स होती, ही मुलगी होती. त्यांना तो इशारा कसा कळणार? शिकलेली माणसं, गोदी कधी पाहिली नाही. मला कळलं. फक्त मला. थांब कुणीही म्हटलं की थांबवायचं, हा आमचा नियम. मी दार ढकलायला पाहिजे होतं. ओरडायला पाहिजे होतं. मी नाही गेलो. वाटलं, करू दे, वाचेल कदाचित. मलाही तो परत पाहिजे होता. अकरा दिवस तो लटकत राहिला. माझ्यामुळे. तुम्ही मला माफ करा."

तो थांबला आणि लेकीकडे बघू लागला. आता तिची पाळी होती.

 इतके दिवस ज्या साक्षीला लेक घाबरत होती, तिच्यात तिचं नाव आरोपी म्हणून नव्हतंच. हा माणूस तिचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेऊन जिने चढून आला होता. तिने काही करायचं नव्हतं, फक्त स्वतःबद्दल गप्प राहायचं होतं.

"काय म्हणतोय गं?" आई म्हणाली. "एवढं बोलला."

"म्हणताहेत, बाबा फार चांगले होते. त्यांची आठवण येते."

आईने वरच्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग लेकीच्या. "चांगलं म्हणताना माणसाची हनुवटी अशी उडते? नीट सांग. आठ वर्षांची नाहीस आता."

मग लेकीने सांगितलं. वाक्यामागून वाक्य, त्याच्याच क्रमाने, काही न गाळता. काच, हात, दोनदा. 'ही मुलगी होती, त्यांना तो इशारा कसा कळणार' हेसुद्धा सांगितलं, कारण तेही त्याच्या बोलण्यात होतं. सांगताना तिचा आवाज हलला नाही. बोलून संपल्यावर तिच्या लक्षात आलं की तिने टेबलाची कड घट्ट धरली आहे.

आईने हातमोज्यांची वाकलेली बोटं एकेक करून सरळ केली.

"थांब म्हणाले होते," ती म्हणाली. "मुकादमाचं बघून आल्यापासून त्यांच्या मनात तेच होतं." पदराने डोळे पुसून तिने मान वर केली. "त्याला सांग, मनाला लावून घेऊ नकोस म्हणावं. तू होतास काचेपलीकडे. आत पोटची पोरगी उभी होती, दोन-दोन भाषा येणारी, लहानपणी हेच इशारे खेळलेली, तिलाही त्या गडबडीत कळलं नाही. तिथे तू काय करणार होतास? सांग त्याला. रात्री झोप लागत नसेल बिचाऱ्याला."

लेकीने वरच्याकडे वळून तोंड उघडलं. वाक्यं सोपी होती. कोर्टात यापेक्षा अवघड शेकडो वाक्यं तिने एका श्वासात पार नेली होती. पहिलं वाक्य ती बोलली, दुसरंही बोलली. तो तिच्या ओठांकडे बघत होता, बाप बघत होता तसाच, सगळा भरवसा तिच्यावर टाकून. तिसरं वाक्य जिभेवर आलं आणि पुढे सरकेना. ते पोचवलं की हा माणूस घरी जाईल, आई हातमोजे कपाटात ठेवेल, आणि जन्मभर दोघंही तिला माफ करत राहतील, तिने न केलेल्या चुकीबद्दल.

ती उठली. खुर्ची मागे सरकली. तिने डावा हात खांद्याच्या रेषेत बाजूला लांब केला, कोपर ताठ, तळवा जमिनीकडे, आणि आडवा हलवला.

वरच्याचा हात कपाकडे निघाला होता, तो हवेतच थांबला. बावीस वर्षांची सवय. मग त्याने तिच्या मनगटाकडे पाहिलं, कोपराकडे पाहिलं, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उमटत गेलं की हा हात कुणी शिकवलाय, आणि किती वर्षांपूर्वी. त्याला आता काही सांगायचं उरलं नव्हतं.

आई राहिली होती. लेक तिच्याकडे वळली. हात तसाच लांब होता, खाली घ्यायचं तिला सुचलं नाही.

"आई," ती म्हणाली, "बाबांनी हे दोनदा केलं. मला पहिल्यांदाच कळलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणाले, आणि मी सांगितलं, ते तयार आहेत. ते नव्हते तयार. मी नव्हते."